सोनकी, एकदांडी आणि गाजरगवत : परक्या रानफुलांचा वाद कुठवर आला?

पावसाळा ओसरू लागला की सह्याद्रीच्या पठारांवर सोनकीचा पिवळा सडा पडतो. त्याच दिवसांत खाली घाटरस्त्याच्या कडेने नारिंगी कॉसमॉस डुलत असतो, बांधावर एकदांडी फुललेली असते आणि गावाबाहेरच्या पडीक जागेत गाजरगवत कंबरेपर्यंत आलेले असते. चौघांचे कुळ एकच, सूर्यफुलाचे. त्यातली सोनकी इथलीच. बाकीचे तिघे अमेरिका खंडातून आलेले. त्यांच्याबद्दल, आणि त्यांच्यासारख्या इतर परक्या रानफुलांबद्दल, वनस्पतिअभ्यासक, शेतकरी, वनखाते, झाडपाल्याचे जाणकार आणि फुलपाखरांचे छंदिष्ट यांच्यात बरीच वर्षे खल चालू आहे. उपटून टाकायची, राहू द्यायची, की वापरात आणायची, असा हा प्रश्न. तो आज कोणत्या टप्प्यावर आहे ते इथे पाहू.

एका फुलातली अनेक फुले

आधी वनस्पतीच जवळून पाहायला हवी, कारण वादातली निम्मी कारणे तिच्या घडणीत आहेत. एकदांडीचा वीतभर लांब, केसाळ, एकटा दांडा खुडून हातात घ्यावा. टोकाला नखाएवढे फूल. कडेने पाच-सहा मळकट पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दात. मधे पिवळा ठिपका. भिंग लावले की ठिपका फुटतो आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या बारीक नळ्या दिसतात. प्रत्येक नळी म्हणजे एक पूर्ण फूल. ज्यांना आपण पाकळ्या म्हटले, तीही एकेक स्वतंत्र फुलेच. प्रत्येकाचे एक बी धरते आणि त्या बीच्या डोक्यावर पिसासारख्या केसांचा झुबका येतो. दांडा वाळला की वाऱ्याची एक झुळूक पुरते.

या कुळात जगभर सुमारे ३२,००० जाती आहेत. फुलझाडांच्या सर्वांत मोठ्या दोन कुळांपैकी हे एक, दुसरे ऑर्किडचे. इंग्रजीत ज्यांना फ्लीबेन म्हणतात ती एरिजेरॉन प्रजातीची फुले याच घडणीची, फक्त कडेच्या पाकळ्या दोऱ्याइतक्या बारीक आणि दाट. हिमालयात एरिजेरॉनच्या अस्सल देशी जातीही आहेत. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कॅमेऱ्यात जांभळट पाकळ्या आणि पिवळ्या मध्याचे जे फूल हमखास येते, ते बहुधा एरिजेरॉन मल्टिरेडिएटस. शिमला, मसुरी किंवा निलगिरीच्या दगडी भिंतींवरून लोंबणारी पांढरी-गुलाबी नाजूक फुले मात्र मेक्सिकोची, एरिजेरॉन कार्विन्स्कियानस. गोऱ्या साहेबांच्या बागेतून ती भिंतीवर आणि भिंतीवरून डोंगरात गेली. एकाच प्रजातीतली एक घरची आणि एक पाहुणी. पाहणाऱ्याला दोन्ही सारख्याच गोजिरवाण्या.

कशी आली

आगमनाचे मार्ग तीन: बाग, धान्य आणि अपघात. थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ या काळात निघालेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात एकदांडीची नोंद आहे, म्हणजे तिला इथे रुळून शंभराहून अधिक वर्षे झाली. कुक हे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे (नंतरचे इंजिनियरिंग कॉलेज) प्राचार्य. त्यांच्या ग्रंथात गाजरगवत नाही. रानमोडी ही आणखी एक परकी वनस्पती; ती बंगालमध्ये वनस्पती उद्यानाच्या वाटेने आली असे मानतात. आज कोकण आणि गोव्यात रस्त्याकडेची एकही उघडी दरड तिने सोडलेली नाही. कॉसमॉस सरळ शोभेचे झाड म्हणून आला.

गाजरगवताची कथा सर्वांत जास्त सांगितली जाते आणि सर्वांत कमी तपासली जाते. १९५५ मध्ये ते पुण्यात आढळले आणि पुढच्या वर्षी आर. एस. राव यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आले, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण तारखा जुळवून पाहिल्या तर अडचण येते. पीएल-४८० चा अमेरिकी कायदा १९५४ चा आणि त्याखालचा भारताशी पहिला करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यातले झाड त्याआधीचे. अमेरिकी गहू १९५१ च्या अन्नधान्य कर्जातूनही आला होता, तेव्हा गव्हाला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. काही लेखांत १९५५ पूर्वीच्या नमुन्यांचेही दाखले दिले जातात. म्हणजे गव्हाबरोबर आले हे शक्य आहे. पीएल-४८० मुळेच आले, हे सिद्ध नाही. एरवी फार नेमके लिहिणारे लोकही इथे बिनदिक्कत जुनेच वाक्य पुढे ढकलतात.

परके कोणाला म्हणायचे

इथून वादाचा पहिला तिढा सुरू होतो. दसऱ्याला दारावर लागणारा झेंडू मेक्सिकोचा. सोलापूर-लातूरच्या शेतातले सूर्यफूल उत्तर अमेरिकेचे. त्यांना कोणी परके म्हणत नाही, कारण ती माणसाच्या राखणीत राहतात, शेताबाहेर फारशी पडत नाहीत. तेव्हा नुसते मूळस्थान पुरेसे नाही. ‘आपणहून पसरणे’ आणि ‘त्रास देणे’ या दोन अटी त्याला जोडाव्या लागतात. अभ्यासकांच्या भाषेत परकी, रुळलेली आणि आक्रमक अशा या तीन पायऱ्या आहेत. वर्तमानपत्री लिखाणात तिन्ही एकाच शब्दात कोंबल्या जातात आणि मग एकदांडी गाजरगवताच्या पंगतीला बसते.

मूळस्थान तरी नक्की असते का? माक्याचे उदाहरण घ्या. ओल्या बांधावर, पाटाच्या कडेला उगवणारे, बटणाएवढ्या पांढऱ्या फुलांचे हे झाड. केसांच्या तेलात ते लागते, श्राद्धाच्या सामग्रीत लागते आणि आयुर्वेदात भृंगराज म्हणून मान मिळवून आहे. सी. सुधाकर रेड्डी यांनी २००८ मध्ये भारतातल्या आक्रमक परक्या वनस्पतींची १७३ जातींची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात सूर्यफूल कुळ सर्वांत वर आहे आणि माकाही आहे, मूळस्थान उष्णकटिबंधी अमेरिका म्हणून. कोलंबसाच्या कितीतरी आधीच्या संहितांत भृंगराज असेल तर माका अमेरिकेतून कसा आला? एक उत्तर असे, की जुन्या ग्रंथातला भृंगराज म्हणजे आजचा माकाच, हे गृहीत धरता येत नाही. पिवळ्या फुलांचा माका ही वेगळी वनस्पती आहे आणि तीही त्याच नावाने चालते. दुसरे उत्तर असे, की झाड पाण्याने किंवा पक्ष्यांबरोबर माणसाच्या कितीतरी आधी पसरले असेल. दोन्ही बाजूंकडे निर्णायक पुरावा नाही. जनुकांच्या तुलनेतून हे कोडे सुटण्याजोगे आहे, पण ते काम कोणी नेटाने अंगावर घ्यायला हवे.

उपटा म्हणणाऱ्यांची बाजू

आक्रमक जातींचा अभ्यास शास्त्र म्हणून उभा राहिला तो इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांच्या १९५८ च्या पुस्तकापासून. २०२३ मध्ये आंतरशासकीय जैवविविधता मंचाने (आयपीबीईएस) या विषयावर मोठा अहवाल काढला. माणसाने जगभर हलवलेल्या परक्या जाती ३७,००० हून अधिक. त्यांतल्या ३,५०० हून अधिक जातींचे दुष्परिणाम नोंदलेले. २०१९ मधला वार्षिक फटका ४२३ अब्ज डॉलरहून जास्त. नोंद झालेल्या विलोपनांपैकी ६० टक्क्यांत परक्या आक्रमक जातींचा वाटा होता, एकटा किंवा इतर कारणांच्या जोडीने. आकड्यांचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा: दहातल्या नऊ परक्या जातींच्या नावावर असा कोणताही दुष्परिणाम नोंदलेला नाही.

महाराष्ट्रापुरते या बाजूचे सर्वांत भक्कम प्रकरण गाजरगवताचे. पार्थेनिन या त्याच्यातल्या रसायनामुळे आसपासच्या झाडांचे उगवणे मंदावते. जनावरे ते सहसा खात नाहीत. नाइलाजाने खाल्लेच तर दुधाला कडवटपणा येतो. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया. १९७४ साली पुण्यातल्या रुग्णांवरून त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे आजही असे शेतमजूर येतात: चेहरा, मान, कोपराची लवण, म्हणजे उघड्या अंगाची जागा काळवंडलेली, जाड झालेली, खाजणारी. या एका झाडाबद्दल तरी वादाला फारशी जागा उरलेली नाही.

कॉसमॉसबद्दलचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. तो विषारी नाही, अंगावर पुरळ उठवत नाही, उलट सुंदर दिसतो, आणि अभ्यासकांना धास्ती आहे ती नेमकी त्याचीच. पुण्याच्या परिसरातल्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेने तो हौसेने पेरला गेला. सोनकी, तेरडा, कवला ही पठारावरची फुले जांभ्यावरच्या किंवा काळ्या कातळावरच्या बोटभर मातीत दोन-तीन महिन्यांत आपला संसार उरकतात. तिथे उंच, दाट वाढणारे वार्षिक झाड शिरले तर ऊन आणि जागा दोन्ही जाईल, असा तर्क आहे. तर्क पटण्याजोगा आहे. मात्र कॉसमॉस आल्यावर पठारावरच्या देशी फुलांची संख्या किती घटली, याची वर्षानुवर्षांची मोजदाद हाताशी असल्याशिवाय त्याला तर्कापलीकडे नेता येणार नाही.

सरसकट नको म्हणणाऱ्यांची बाजू

२०११ मध्ये मार्क डेव्हिस आणि १८ सहकारी पर्यावरणशास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक टिपण लिहिले. जातीचा निवाडा तिच्या जन्मस्थळावरून करू नका, तिच्या वागण्यावरून करा, असा त्याचा आशय. डॅनियल सिम्बरलॉफ आणि शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्याला लगेच उत्तर दिले: आम्ही तसे करतच नाही, पण परकी जात त्रास देऊ लागेपर्यंत वाट पाहिली तर वेळ निघून गेलेली असते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि बारकाईने वाचले तर दोघांतले अंतर वाटते तेवढे नाही.

या बाजूला आपल्याकडचा पुरावा एकदांडी पुरवते. रस्त्याकडेला, डांबराच्या भेगेत, देशी झाड टिकत नाही अशा ठिकाणी ती बाराही महिने फुलते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर लहान निळी फुलपाखरे, मधमाश्या तिच्यावरच असतात. ओसाडी आणि रानमोडी या परक्या झाडांवर तर ब्लू टायगरसारख्या फुलपाखरांचे नर मुद्दाम येतात. त्यांना मादीला आकर्षित करायला लागणारी अल्कलॉइडे तिथे मिळतात. यावर दुसऱ्या बाजूचे उत्तरही तयार असते: मध मिळाला म्हणजे फुलपाखरू जगले असे नाही. अंडी घालायला आणि अळीला खायला हिरणदोडीसारख्या देशी वेलीच लागतात, आणि रानमोडीने ती जागा व्यापली तर पुढची पिढी येणार कुठून? शिवाय नरांना तीच द्रव्ये देशी खुळखुळ्यावरही मिळत होतीच.

देशी म्हणजे निरुपद्रवी, या समजाला छेद देणारे उदाहरण व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि मेंढपाळांची चराई बंद झाली. त्यानंतर पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही हिमालयातलीच उंच वनस्पती खोऱ्यात बेसुमार वाढली. लहान फुलझाडे तिच्याखाली दबू लागली आणि ती दरवर्षी उपटून काढायची वेळ आली. चराई थांबणे हेच तिच्या वाढीचे एकमेव कारण, यावर एकमत नाही. कासच्या पठारावर हाच प्रश्न निराळ्या रूपात आला. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या इतर स्थळांसह ते जागतिक वारशात गेले. गर्दी वाढली, कुंपण आले, गुरे थांबली. गुरांनी गवत खाल्ल्यानेच लहान फुलांना ऊन मिळत होते, असे काही अभ्यासक आणि गावकरी म्हणतात. गुरांच्या खुरांनी आणि शेणाने पठाराची नाजूक माती बिघडते, असे इतरांचे म्हणणे. परक्या फुलांचा बंदोबस्त करताना हा चराईचा मुद्दा सोडून चालत नाही, कारण मोकळी, तुडवलेली, खतावलेली माती परक्या बियांना सर्वांत आधी मानवते.

वापरात आणा म्हणणारे

तिसरी बाजू व्यवहारी लोकांची. खुरपताना विळा लागला की एकदांडीचा पाला चुरडून रस जखमेवर पिळायचा, हे खेड्यात आजही चालते. काही भागांत तिला दगडी पाला किंवा कंबरमोडी म्हणतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत जखम भरण्यावर तिचा परिणाम दिसलेलाही आहे. बाहेरून आलेले हे झाड आज घरगुती औषध म्हणून पिढीजात वाटते, इतके ते मुरले. गाजरगवताचे खत करण्याचा सल्ला कृषी विस्तारवाले सतत देतात; फुलोऱ्याआधी कापून, थर लावून, नीट उष्णता येऊ दिली तर ते जमते. यावरचा आक्षेपही साधा आहे. फुलोऱ्याआधी कापायला मजूर मिळत नाहीत आणि फुलोऱ्यानंतरचे खत म्हणजे शेतात बी पेरणेच. आणि एखाद्या तणाला बाजार मिळाला, तर ते संपावे असे कोणालाच वाटेनासे होते.

उपायांचा हिशेब

उपायांच्या बाबतीत सर्वांत बोधप्रद अनुभव मेक्सिकन भुंगेऱ्याचा. झायगोग्रामा बायकोलोराटा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला, तपासण्या करून १९८४ मध्ये सोडला. जुलै-ऑगस्टमध्ये गाजरगवताच्या एखाद्या ताटव्यात वाकून पाहिले तर तो सहज दिसतो: तांदळाच्या दाण्याएवढा, मळकट पिवळी पाठ, तिच्यावर तपकिरी नागमोडी रेघा. शेजारीच पिवळसर अळ्या शेंड्यातली कोवळी पाने कुरतडत असतात. चांगला पाऊस असेल तर झाडाचे नुसते खराटे उरतात. पाऊस ओसरला की भुंगेरा मातीत जाऊन निजतो आणि थोड्याशा ओलीवर गाजरगवत पुन्हा उभे राहते. त्यामुळे काही भागांत त्याने झाड हटवले, काही भागांत नुसते छाटले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हा भुंगेरा सूर्यफूल खातो अशी नोंद आली आणि खळबळ उडाली; सूर्यफूल हे त्याच कुळातले पीक. केंद्र सरकारने समिती नेमली, काही काळ नवे भुंगेरे सोडणे थांबले. पुढच्या अभ्यासांत असे दिसले, की सूर्यफुलाच्या पानावर गाजरगवताचे परागकण पडलेले असतील तर भुंगेरा फसून ती पाने कुरतडतो, पण त्यावर त्याची वंशवृद्धी नीट होत नाही. पिकाला मोठा धोका ठरला नाही. आयात केलेला किडा उद्या काय खाईल, ही शंका मात्र प्रत्येक नव्या प्रस्तावाला चिकटली, आणि ती चिकटलेली बरी.

दुसरा उपाय झाडाला झाडाने दाबण्याचा. टाकळा, किंवा त्याच्याच जवळची कॅसिया युनिफ्लोरा, पावसाआधी पेरली तर दाट उगवून गाजरगवताला जागा देत नाही. टाकळ्याची भाजी तरी होते. कॅसिया युनिफ्लोरा मात्र स्वतः अमेरिकेची. एका पाहुण्याला घालवायला दुसरा बोलावण्याचा हा प्रकार, आणि त्यावर गंभीर मतभेद आहेत. हाताने उपटण्याचा मार्ग खात्रीचा पण कष्टाचा. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला त्यासाठी जागृती सप्ताह पाळते. हातमोजे नसतील तर त्वचादाहाचा धोका मजुराच्याच माथी.

तणनाशकाबद्दल बोलायचे तर फ्लीबेनकडे परत जावे लागते. एरिजेरॉन कॅनडेन्सिस हे उत्तर अमेरिकेतले साधे रानझाड. एका मोठ्या झाडाला दोन लाखांपर्यंत बिया, इतक्या हलक्या की जमिनीपासून १४० मीटर उंचीवरच्या हवेतही त्या सापडल्या आहेत. बी मातीच्या अगदी पृष्ठभागावर असेल तरच उगवते, म्हणून नांगरणी त्याला मारते. १९९६ नंतर अमेरिकेत ग्लायफोसेट हे तणनाशक सोसणारे सोयाबीन आले, पुष्कळ शेतांत नांगरणी थांबली, सगळा भार एका औषधावर आला. २००० साली डेलावेअरच्या सोयाबीनमध्ये त्या औषधाला न जुमानणारे फ्लीबेन सापडले आणि पुढे ते अनेक राज्यांत पसरले. २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात मान्यता नसलेला तणनाशक-सहनशील कापूस जाहीरपणे पेरला, तेव्हा मजुरीचा प्रश्न खरा होता, आणि आजही आहे. २०२२ मध्ये केंद्राने ग्लायफोसेटची फवारणी परवानाधारक फवारणीकारांपुरती मर्यादित केली. एकाच औषधावर विसंबल्यास विदर्भातली तणेही फ्लीबेनच्या वाटेने जातील का, हा प्रश्न तांत्रिक आहे. मजूर मिळत नसताना शेतकऱ्याने काय करावे, हा तांत्रिक नाही. चर्चेत पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला दिले जाते, म्हणून ती पुढे सरकत नाही.

काय सुटलेले नाही

मला दिसते ते असे, की तिन्ही बाजू वेगवेगळ्या झाडांबद्दल बोलत आहेत. उपटा म्हणणाऱ्याच्या डोळ्यासमोर गाजरगवत असते, राहू द्या म्हणणाऱ्याच्या एकदांडी, वापरा म्हणणाऱ्याच्या माका. जात आणि जागा दोन्ही ठरवल्याशिवाय मत देणे फुकट जाते. रस्त्याच्या कडेची एकदांडी आणि पठारावरचा कॉसमॉस यांना एकच नियम लावता येत नाही.

उघडे प्रश्न त्यामुळे फार ठोस आहेत. पठारांवर ठरावीक चौकटी आखून, चराई असलेल्या आणि नसलेल्या जागी, देशी-परक्या फुलांची दहा-पंधरा वर्षे मोजणी व्हायला हवी. ती झाल्याशिवाय कासचा वाद मतांवरच चालेल. परक्या फुलांकडे परागवाहक वळले तर शेजारच्या सोनकीला बी कमी धरते की जास्त, हे दोन्ही दिशांनी घडू शकते, आणि ते प्रत्येक ठिकाणी तपासावे लागेल. जुन्या नमुन्यांवरून आगमनाच्या तारखा पुन्हा पाहायला हव्यात.

कायद्याची चौकट नवी आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने आक्रमक परक्या जातीची व्याख्या प्रथमच आली आणि तिचा व्यापार, बाळगणे, प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्राला मिळाला. व्याख्या ‘भारताची मूळ नसलेली’ अशी आहे. त्यामुळे हिमालयातले झाड सह्याद्रीत नेऊन लावले आणि ते माजले, किंवा पॉलिगोनमसारखे घरचेच माजले, तर ते तिच्या बाहेर राहते. तिच्या आत काय येते, हेही यादी ठरल्याशिवाय कळणार नाही, आणि यादीत कॉसमॉस घालायचा तर रोपवाटिकांतून मिळणाऱ्या त्याच्या बियांच्या पाकिटांचे काय करायचे, हे आधी ठरवावे लागेल.